बियांपासून उभे कॅक्टस: पेरणी ते दुसरे वर्ष

‘बी तर भसाभस उगवले होते हो, महिन्याभरात सगळे झोपले.’ उन्हाळा सुरू झाला की हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येतेच. सांगणाऱ्याला वाटते बी खराब होते. बी बहुतेक वेळा चांगलेच असते. मोठ्या कॅक्टसला लागू पडणारे नियम तान्ह्या रोपाला लावले जातात, किंवा तान्ह्या रोपाचे लाड वर्षभर चालू राहतात, आणि रोपे जातात ती या दोन चुकांनी. उगवताना कॅक्टसला दमट हवा, सावली आणि सतत ओल लागते. मोठेपणी नेमके उलटे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे त्याला किती हळू न्यायचे, हे जमले की बाकीचे सोपे आहे.

खाली जे लिहिले आहे ते पुणे, नाशिक, सातारा अशा पठारी हवेला धरून आहे. मुंबई-कोकणात कुठे फरक पडतो ते जागोजागी सांगितले आहे.

## पेरण्याआधी: कोणता खांब?

पहिला घोळ नावाचा. आपल्याकडे कुंपणाला असतो तो त्रिधारी निवडुंग म्हणजे युफोर्बिया, कॅक्टस नव्हे. ओळखायचे सोपे: टोचले की पांढरा चीक आला तर युफोर्बिया. खऱ्या कॅक्टसच्या धारेवर, म्हणजे खोडावरच्या उभ्या कंगोऱ्यावर, ठरावीक अंतराने लोकरीसारखे बारीक ठिपके असतात आणि काटे, फांद्या, फुले त्या ठिपक्यांतूनच निघतात. इथली कृती फक्त कॅक्टससाठी, त्यातही खांबासारख्या उभ्या वाढणाऱ्यांसाठी आहे.

दुसरा घोळ निवडीचा. चित्रात पाहून लोक थेट सॅग्वारोचे बी आणतात. ॲरिझोनातल्या वाळवंटात सॅग्वारो पहिल्या ८ वर्षांत एक-दीड इंच वाढतो. घरी निगा राखल्यास वेग वाढतो, पण पहिल्यांदा पेरणाऱ्याचा धीर सुटायला तेवढा वेग पुरेसा कमी आहे. सुरुवात यांपासून करा:

- सेरियस: सगळ्यांत दणकट आणि वेगवान. नीट जमले तर वर्षभरात बोटाएवढा होतो. कोकणातही टिकतो.
- पिलोसोसेरियस: ब्राझीलचे निळे खांब. उष्ण आणि दमट हवा चालते, थंडी नको. मुंबईकरांनी हा घ्यावा.
- मिर्टिलोकॅक्टस: मेक्सिकोचा, निळसर-हिरवा, फार कुरकुर न करणारा.
- ट्रायकोसेरियस: अँडीज पर्वताकडचा. रात्री गार झाल्या की खुलतो, म्हणून पठारावर उत्तम, किनाऱ्यावर मंद.

पांढऱ्या केसांचे ओरिओसेरियस, एस्पोस्टोआ आणि मेक्सिकोचा ‘म्हातारा’ सेफॅलोसेरियस सेनिलिस पहिल्या खेपेला घेऊ नका. केसांत ओल अडकते आणि आपला पावसाळा त्यांना मानवत नाही.

अजिबात अनुभव नसेल तर आधी रंगीत तालीम करा. बाजारातून एक ड्रॅगन फ्रूट आणा. तोही कॅक्टसच आहे, फक्त वेलीसारखा चढणारा. फळ खा, चमचाभर गर बाजूला ठेवा आणि त्यातले बी खालच्या पद्धतीने पेरा. आठवड्या-दीड आठवड्यात उगवते. त्यातली निम्मी रोपे तीन महिने टिकवता आली, तरच पैसे देऊन बी विकत घ्या.

## टप्पा १: बी मिळवणे आणि धुणे

ऑनलाइन दिसणारे ‘इंद्रधनुषी कॅक्टस बियाणे’ घेऊ नका. लाल-पिवळे गोळे असतात ती हरितद्रव्य नसलेली, दुसऱ्या खोडावर कलम करून जगवलेली झाडे असतात. त्यांचे बी पाकिटात मिळत नाही. मी स्वतः एकदा ‘निळा खांब’ म्हणून घेतलेल्या पाकिटातून तीन आठवड्यांनी राजगिरा उगवलेला पाहिला आहे. उभ्या कॅक्टसचे बी बहुधा काळे किंवा गडद तपकिरी आणि खसखशीपेक्षा थोडे मोठे असते. काही जातींत तिळाएवढे. पाकिटात टपोरे, पिवळे किंवा चपटे दाणे दिसले तर परत करा.

परदेशातून मागवायचे असेल तर २००३च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. मेक्सिकोतून येणाऱ्या कॅक्टसच्या बियांना वर साइट्सचेही (CITES, धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम आहेत. साध्या पोस्टाने मागवलेले पाकीट अडकले तर तक्रारीला जागा नाही.

त्यापेक्षा गावातले फळ मिळवा. सेरियसची पांढरी मोठी फुले रात्री उमलतात आणि सकाळी मिटतात. पण गच्चीवर फुले येऊनही फळ धरत नाही, ही नेहमीची तक्रार. कारण सेरियसला बहुधा स्वतःचा पराग चालत नाही. शेजाऱ्याच्या झाडाचा पराग आणला तरी उपयोग होतोच असे नाही, कारण एकाच झाडाचे तुकडे सगळ्या सोसायटीत वाटलेले असतात. ती दहा झाडे म्हणजे एकच झाड. दुसऱ्या भागातल्या, बियांपासून झालेल्या झाडाचा पराग मऊ ब्रशवर घेऊन त्याच रात्री फुलाच्या मधल्या चांदणीवर फिरवा. फळ पिकून आपोआप चिरले की काढा.

धुण्याची रीत:

1. गर वाटीभर पाण्यात कुस्करून एक-दोन दिवस ठेवा. थोडा आंबला की बी सुटे होते.
2. चहाच्या गाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळा. चिकटपणा अजिबात उरता कामा नये.
3. कागदावर पसरून सावलीत ४-५ दिवस वाळवा. टिश्यू पेपर नको, बी चिकटून बसते.
4. कागदी पाकिटात घालून त्यावर जात, ठिकाण आणि तारीख लिहा.

सावधान: गराचा साखरेचा अंश राहिला की झाकलेल्या डब्यात तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरते. नंतर औषध मारून ती आटोक्यात येत नाही. पुन्हा पेरणीच करावी लागते.

## टप्पा २: वेळ

बी उगवायला दिवसा २५ ते ३० अंश आणि रात्री २०च्या आसपास हवे. पठारावर हे दोनदा जमते: फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर, आणि सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर. मला फेब्रुवारीचीच पेरणी आवडते, कारण पावसाळ्यापर्यंत रोपांना काटे फुटून अंग धरलेले असते.

एप्रिल-मेमध्ये बंद डब्यातले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जाते आणि बी शिजते. जुलै-ऑगस्टमध्ये उजेड कमी आणि हवेत बुरशी जास्त. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री १० अंशांपर्यंत उतरतात, बी नुसते पडून राहते, आणि पडून राहिलेले बी कुजते. कोकणात थंडीची अडचण नाही, तिथे नोव्हेंबरमध्येही पेरता येते.

## टप्पा ३: डबा आणि माती

डबा पारदर्शक हवा, झाकणासकट. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे प्लास्टिकचे खोके नेमके याच हंगामात घरोघरी पडलेले असतात. ते उत्तम. तळाची भोके निचऱ्याला राहू द्या, झाकणाची भोके चिकटपट्टीने बंद करा. श्रीखंडाचा डबा कुंडी म्हणून चालेल, पण वर झाकण म्हणून पारदर्शक काहीतरी लागेल. मातीचा थर ४-५ सेंटिमीटर पुरे. याहून खोल भरलात तर खालची माती ओलीच राहते आणि मुळे तिथवर पोचतही नाहीत.

मिश्रण, मापाने:

- २ भाग कच, म्हणजे बांधकामाची क्रश सँड, चाळून १ ते ३ मिलिमीटरची
- १ भाग पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा विटांचा चाळलेला चुरा
- १ भाग धुतलेले कोकोपीट

कच धुण्यात कंटाळा करू नका. तिच्यातली बारीक भुकटी पाण्याबरोबर खाली बसते आणि सिमेंटसारखा थर करते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत, निदान पाच-सहा वेळा धुवा. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते दोन-तीनदा भिजवून पिळून काढा. काळी माती चिमूटभरही नको: ओली झाली की चिकट, वाळली की भेगा, आणि भेगेबरोबर मुळे तुटतात. शेणखत, गांडूळखत पेरणीच्या मिश्रणात घालू नका. बियाला पहिले काही आठवडे खत लागत नाही, बुरशीला मात्र ते लागलीच सापडते.

तपासणी: ओले मिश्रण मुठीत दाबा. पाण्याचा एखाद-दुसरा थेंब पडावा आणि मूठ उघडताच गोळा मोडावा. धार लागली तर जास्त ओले. गोळा तसाच राहिला तर बारीक कण जास्त आहेत, पुन्हा चाळा.

## टप्पा ४: निर्जंतुकीकरण

हा टप्पा गाळणारेच पुढे ‘मर’ आली, म्हणजे बुरशीने कोवळी रोपे बुडाशी कुजली, म्हणून हळहळतात. ओलसर मिश्रण स्टीलच्या डब्यात भरा, वर फॉइल लावा, कुकरमध्ये तळाशी पाणी घालून ठेवा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि अर्धा तास राहू द्या. कोकोपीटचा वास घरभर फिरतो. भातवरणाच्या वेळेआधी उरकलेले बरे. मिश्रण झाकलेलेच गार करा, शक्यतो रात्रभर. डबा आणि झाकण साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा.

पाणीही उकळून गार केलेलेच घ्या. बोअरचे जड पाणी असेल तर ते टाळाच: क्षारांचा पांढरा थर येतो आणि मातीचा सामू (pH) वर चढतो. उभ्या कॅक्टसला साधारण ५.५ ते ६.५ सामू, म्हणजे किंचित आम्लाकडे झुकलेली माती मानवते. गेल्या पावसाळ्यात गच्चीवर धरून ठेवलेले पाणी उकळून वापरता आले तर त्याहून चांगले काही नाही.

## टप्पा ५: पेरणी

1. मिश्रण डब्यात भरा, हलके सपाट करा. दाबून बसवू नका.
2. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून पाणी पिऊ द्या. पृष्ठभाग काळसर झाला की बाहेर काढा आणि तासभर निथळू द्या.
3. बी कागदाच्या घडीत घेऊन टिचकीने टाका. दोन बियांत सेंटिमीटरभर अंतर. तीन इंची कुंडीत वीस-पंचवीस पुरे.
4. बी मातीने झाकू नका. बहुतेक उभ्या कॅक्टसच्या बियांना उगवायला उजेड लागतो. फक्त चमच्याच्या पाठीने हलके टेकवा, म्हणजे बी मातीला चिकटेल.
5. जात आणि तारीख पेन्सिलीने लिहून पट्टी आतच खोचा. मार्करची शाई वाफेने जाते.
6. झाकण लावा, चिकटपट्टीने बंद करा.

डबा भरपूर उजेडात, पण थेट उन्हात नाही. पूर्वेची खिडकी, पडद्यामागे. गच्चीवर असेल तर ५० टक्के शेडनेटखाली, वर सावली देणारे आणखी काही. झाकणाला हात लावून पाहा: गरम लागले तर आत बी भाजते आहे.

## टप्पा ६: बंद डब्यातले आठवडे

सेरियस पाचव्या ते दहाव्या दिवशी, पिलोसोसेरियस एक-दोन आठवड्यांत. काही दाणे महिन्यानेही येतात, म्हणून सहा आठवडे डबा फेकू नका.

या काळात काम एकच: बघणे. झाकणाच्या आतून बारीक दव दिसले पाहिजे. दव नाही म्हणजे वाफ निसटते आहे, पट्टी नीट करा. मोठे थेंब टपटपत असतील तर पाणी जास्त झाले आहे, झाकण एका संध्याकाळपुरते किलकिले ठेवा. रोज झाकण उघडून कौतुक करू नका. आत येणारी हवा बुरशीचे बीजाणू घेऊनच येते.

उगवलेले रोप हिरव्या मण्यासारखे दिसते, त्याला दोन टोके म्हणजे बीजदले. काही रोपे आडवी पडतात, मूळ वर दिसते. घाबरू नका. टूथपिकने बाजूला खळगी करा, मूळ त्यात सरकवा आणि दोन-चार कण कच टेकवा.

आडवे पडणे आणि मर लागणे यातला फरक मात्र डोळ्याला शिकवावा लागतो. नुसते आडवे पडलेले रोप कडक आणि हिरवे असते. मर लागलेले बुडाशी पाणीदार, काचेसारखे दिसते, मग तपकिरी होते आणि दुसऱ्या दिवशी शेजारची तीन झोपलेली असतात. तसे दिसताच रोपासकट भोवतालची चमचाभर माती काढून टाका, डबा अर्धा दिवस किलकिला ठेवा.

औषधाबद्दल एक गैरसमज: दुकानदार सर्रास कार्बेन्डाझिम देतो. रायझोक्टोनिया, फ्युझेरियम अशा बुरशींवर ते चालते, पण रोपे झोपवणाऱ्या पिथियमवर त्याचा उपयोग होत नाही, त्यावर मेटालॅक्झिलसारखे वेगळे औषध लागते. कोणती बुरशी आहे हे घरी कळत नाही. म्हणून फवारत बसण्यापेक्षा माती काढणे आणि हवा देणे आधी.

रंग वाचायला शिका:

- फिकट आणि लांबुडकी रोपे: उजेड कमी. दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवा.
- लालसर-जांभळी: उजेड किंवा उष्णता जास्त. थोडी सावली करा.
- मातीवर हिरवा थर: शेवाळ. पाणी आणि उजेड दोन्ही मुबलक आहेत. रोपे दिसण्याइतकी मोठी झाली की मधल्या जागेत धुतलेली बारीक कच पसरा.

## टप्पा ७: झाकण उघडणे

सगळ्यांत जास्त रोपे इथे मरतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

कधी उघडायचे हे कॅलेंडरवर ठरवू नका. रोपाच्या शेंड्यावर काट्यांचे दोन-तीन झुबके स्पष्ट दिसले पाहिजेत. उभ्या जातींत याला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. त्याआधी उघडलात तर साल पातळ असते, दोन दिवसांत रोप सुकते. चार-पाच महिने बंदच ठेवलात तर रोपे फुगलेली, नाजूक राहतात आणि उघडताच मान टाकतात.

पद्धत:

1. पहिले तीन दिवस: संध्याकाळी एक तास झाकण किलकिले.
2. पुढचे तीन दिवस: रात्रभर किलकिले, दिवसा बंद.
3. दुसरा आठवडा: रात्री पूर्ण उघडे, दिवसा किलकिले.
4. तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला झाकण काढून टाका.

उलटे, म्हणजे दिवसा उघडून रात्री बंद, करू नका. मार्च-एप्रिलची दुपारची हवा कोरडीठाक असते. रात्रीच्या हवेत थोडा तरी दमटपणा असतो.

आता ती चूक. झाकण काढले, रोपांना काटे आले, म्हणजे ‘कॅक्टस’ झाला, म्हणून पाणी पंधरा दिवसांनी. रोपाचे मूळ जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोल आहे, तेवढी माती एप्रिलात दोन दिवसांत वाळते. वाळलेले बारीक मूळ पुन्हा पाणी घेत नाही. मग आपण घाबरून भरपूर पाणी देतो आणि मेलेले मूळ कुजते. लोक सांगतात ‘जास्त पाण्याने गेले’. खरे म्हणजे ते आधी तहानेने गेलेले असते.

पहिल्या सहा महिन्यांचा नियम: वरचा थर फिकट दिसला, बोट टेकवल्यावर ओल जाणवेनाशी झाली, की त्याच संध्याकाळी खालून पाणी. एप्रिलात हे दोन-तीन दिवसांनी येईल, जूनच्या ढगाळ आठवड्यात सहा-सात दिवसांनी. पाणी दिल्यावर ताटलीत साठू देऊ नका.

तपासणी: काडी बुडाशी टेकवून रोप हलवून पाहा. ताठ राहिले तर मूळ धरले आहे. लोंबले तर अजून आठवडाभर अर्धे झाकण ठेवा.

## टप्पा ८: पहिला पावसाळा आणि ऑक्टोबर

पावसाळ्यात रोपे पारदर्शक पत्र्याखाली, बाजू उघड्या. हवा फिरली पाहिजे. वारा नसेल तर छोटा पंखा दिवसातून तास-दोन तास. कोकणात गोगलगायींवर रात्री टॉर्च घेऊन नजर ठेवा. एका रात्रीत एक गोगलगाय संपूर्ण डबा साफ करते आणि सकाळी फक्त चकाकणारी रेघ उरते.

ढगाळ आठवड्यात पाणी आणि खत दोन्ही आखडते घ्या. उजेड नसताना पाणी मिळाले की रोप बारीक होऊन वर धावते. गोल कॅक्टस पुढे फुगून असली चूक थोडीफार झाकतो. उभ्या कॅक्टसला ती सोय नाही. पावसाळ्यात झालेली बारीक कंबर त्याच्या अंगावर कायमची राहते, आणि चार वर्षांनी खांब मोडतो तो तिथेच.

मग ढग अचानक जातात. ऑक्टोबर हीटच्या पहिल्या दोन दिवसांत चार महिने मऊ उजेडात वाढलेल्या सालीवर पांढुरके, मग खाकी डाग पडतात. भाजल्याचे डाग जात नाहीत. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच शेडनेटची जाळी परत ताणून ठेवा आणि कुंडीची दक्षिणेकडची बाजू खडूने खुणा करून ठेवा, म्हणजे हलवल्यावर ती बाजू पुन्हा दक्षिणेकडेच येईल.

## टप्पा ९: रोपे वेगळी करणे

घाई नको. रोपे एकमेकांना टेकू लागली किंवा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाड झाली की वेगळी करायची, म्हणजे साधारण ८ ते १२ महिन्यांनी. फेब्रुवारीत पेरलेली पुढच्या फेब्रुवारीत, वाढ पुन्हा सुरू होताना.

1. आधी चार-पाच दिवस पाणी बंद.
2. संपूर्ण गोळा बाहेर काढा, ओढून रोपे उपटू नका. गोळा हाताने मोकळा करा.
3. मुळे तुटली असतील तर सावलीत दोन-तीन दिवस कागदावर ठेवा.
4. नवी कुंडी रोपाच्या जाडीपेक्षा थोडीच मोठी, पण उंच. रोप पूर्वीइतकेच खोल लावा. बुडाची तपकिरी, लाकडासारखी साल रोग नव्हे, वय आहे.
5. पहिले पाणी सात-आठ दिवसांनी.

या वेळचे मिश्रण: ३ भाग चाळलेला मुरूम किंवा २ ते ५ मिलिमीटर कच, १ भाग पर्लाइट किंवा कोळशाचा चुरा, १ भाग पूर्ण कुजलेले पानखत किंवा गांडूळखत. वरून सेंटिमीटरभर कचेचा थर, म्हणजे बुंधा कोरडा राहतो.

## टप्पा १०: उंची नव्हे, जाडी

दुसऱ्या वर्षी लोक पट्टी लावून उंची मोजतात. जाडी मोजा. क्रम असा ठेवा: आधी उजेड वाढवा, मग पाणी, मग खत. उजेडाच्या पुढे पाणी गेले की कंबर बारीक, पाण्याच्या पुढे खत गेले की अंग चिरते.

उन्हाची सवय मार्चमध्ये लावू नका. नोव्हेंबर-डिसेंबरचे ऊन मवाळ असते, तेव्हा ५० टक्क्यांची जाळी ३० टक्क्यांवर आणा, मग सकाळचे थेट ऊन द्या. उन्हाळा येईपर्यंत साल तयार होते.

खत वाढीच्या दिवसांतच, फेब्रुवारी ते मे आणि ऑक्टोबरमध्ये, महिन्यातून दोनदा. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच असलेले विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम. शेतीच्या डोसाच्या कित्येक पट कमी आहे हे, आणि तसेच हवे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पोटॅश जास्त असलेले १३:०:४५ आलटून पालटून द्या. युरिया कधीच नाही. वर्षाआतल्या रोपांना थंडीत पूर्ण उपाशी ठेवायचे नसते, आठ-दहा दिवसांनी सकाळी थोडे पाणी चालते. मोठ्या रोपांना डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा पुरे.

कुंडी दरवर्षी एक माप वाढवा. मुळे कोंडली की उभा कॅक्टस शेंड्यावर निमुळता होत जातो आणि आपण उजेडाला दोष देत बसतो. खालची भोके पाहा, मूळ बाहेर आले असेल तर उत्तर तिथे आहे. खांब वरून जड होतो, म्हणून दोन फुटांपुढे प्लास्टिकपेक्षा मातीची कुंडी, तळाशी दगड.

कीड: धारांच्या खोबणीत पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. कानकोरणीचा कापूस ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक टिपा. कारण नसताना रोप मलूल झाले तर कुंडीतून काढून मुळांवरही पाहा, तिथेही तो बसतो. शेंड्यावर गंजासारखा तपकिरी रंग चढत असेल तर लाल कोळी, बहुधा मार्च ते मे. निंबोळी तेल निळ्या पिलोसोसेरियसवर मारू नका. त्याचा निळेपणा म्हणजे सालीवरचा मेणाचा थर आहे, तेलाने तो उतरतो आणि परत येत नाही. इतर जातींवर मारायचे असेल तर सूर्य मावळल्यावरच.

आणि कंबर बारीक झालीच असेल तर? काठीचा आधार देऊन वर्षानुवर्षे ओढत नेता येते, पण वळवाच्या वाऱ्यात काठीसकट मोडलेले खांब मी पाहिले आहेत. वरचा जाड भाग हाताच्या पंजाएवढा झाला की मार्च महिन्यात, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने, कंबरेच्या वर आडवा काप घ्या. कापाच्या कडा पेन्सिलीला टोक करतो तशा थोड्या छाटा, नाहीतर वाळताना मधला भाग आत ओढला जातो. सावलीत उभा ठेवून दोन आठवडे वाळवा, आडवा ठेवलात तर शेंडा वाकडा वळतो. मग कोरड्या कचेत एक इंच रोवा आणि पंधरा दिवसांनी पहिले पाणी द्या. खालचा खुंट फेकू नका. त्याच्या धारेवरून दोन-तीन कोंब फुटतात, त्यातला सगळ्यांत जाड एक ठेवून बाकीचे लहान असतानाच काढा.